स्थानिक जलविद्युत आणि घरगुती वीजदर

जवळच्या ओढ्यावर, नदीवर किंवा कालव्यावर तयार होऊन मुख्यतः त्याच परिसरात वापरली जाणारी वीज म्हणजे स्थानिक जलविद्युत. तिला इंधन लागत नाही, त्यामुळे ती घरात स्वस्त पडावी ही अपेक्षा स्वाभाविक आहे. काही ठिकाणी ती पुरी होते. पण धरणाच्या भिंतीला लागून असलेल्या गावाला दूरच्या शहराइतकाच दर पडतो, असेही सर्रास दिसते. पाण्यापासून वीज बनवण्याचा खर्च आणि घरच्या मीटरवर लागणारा दर यांच्यामध्ये तारा, मालकी, करार आणि वापराची वेळ उभी असते. दर ठरतो तो बहुतांशी तिथेच.

वाहत्या पाण्यावर सार्वजनिक वीजपुरवठा करण्याचा पहिला प्रयत्न इंग्लंडमधील गोडाल्मिंग येथे १८८१ मध्ये पाणचक्कीच्या आधारे झाला. तो परवडला नाही आणि १८८४ मध्ये ते गाव पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळले. अमेरिकेतील ॲपल्टन येथे १८८२ मध्ये फॉक्स नदीवर केंद्र सुरू झाले. भारतात दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ मध्ये १३० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले, ते शहरातल्या दिव्यांसाठी. म्हणजे जलविद्युत सुरुवातीला स्थानिकच होती. दूर अंतरावर वीज नेण्याचे तंत्र पक्के झाल्यावर ती मोठी आणि परगावची झाली.

किती वीज मिळते

मिळणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाणी किती उंचीवरून पडते आणि दर सेकंदाला किती वाहते. सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर उंचीवरून पडले तर त्यात सुमारे ९.८ किलोवॉट शक्ती असते. नळीतील घर्षण, टर्बाइन (पाण्याच्या जोराने फिरणारे चक्र) आणि जनित्र यांत काही वाटा जातो. लहान केंद्रांत साधारण साठ टक्के हाती लागले तरी काम चांगले झाले म्हणायचे. सेकंदाला ५० लिटर पाणी आणि ४० मीटर उंची असलेल्या ओढ्यातून या हिशेबाने सुमारे १२ किलोवॉट मिळतात. उंची जास्त आणि पाणी थोडे असेल तर पेल्टन, मध्यम उंचीला फ्रान्सिस, उंची कमी आणि पाणी भरपूर असेल तर कापलान टर्बाइन वापरतात. डोंगराळ गावांतील लहान केंद्रांत बांधायला सोपी क्रॉसफ्लो टर्बाइन पुष्कळ दिसते. भारतात २५ मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पांना लघु जलविद्युत म्हणतात. १०० किलोवॉटपर्यंतचे सूक्ष्म या गटात मोडतात.

खर्च कुठे होतो

जवळपास सगळा पैसा आधीच लागतो. बंधारा, कालवा, दाबनळ (पाणी उंचावरून यंत्राकडे नेणारी नळी), वीजगृह, यंत्रे आणि तारा यांवर एकदा खर्च केला की पुढे राहतो तो राखणदाराचा पगार, जाळीत अडकलेला पालापाचोळा काढणे, गाळ उपसणे आणि पुरानंतरची डागडुजी. वीज कमी बनवली म्हणून यातले फारसे काही वाचत नाही. त्यामुळे प्रतियुनिट खर्च कर्जाचे व्याज किती आणि एकूण युनिटे किती विकली गेली, या दोहोंवर ठरतो. कर्ज फिटलेले जुने केंद्र अत्यंत स्वस्त वीज देते. तेच केंद्र आज नव्याने बांधले तर तिचा खर्च कितीतरी जास्त येतो. शिवाय केंद्राचा आकार निम्मा केला म्हणून खर्च निम्मा होत नाही. रस्ता, सर्वेक्षण, नियंत्रण यंत्रणा लहान केंद्रालाही लागतातच.

वरच्याच १२ किलोवॉटच्या केंद्राचे उदाहरण घेऊ. ते वर्षभर अखंड चालले आणि सगळी वीज वापरली गेली तर सुमारे एक लाख पाच हजार युनिटे होतात. पण गावात वीज फक्त संध्याकाळी पाच तास लागत असेल तर विक्री होते जेमतेम २२ हजार युनिटांची. पाणी तेच, यंत्र तेच, कर्जाचा हप्ताही तोच. प्रतियुनिट खर्च मात्र जवळपास पाचपट. उरलेली शक्ती नियंत्रक यंत्रणा एखाद्या तापकाकडे वळवते आणि ती पाणी किंवा हवा तापवण्यात संपते, कारण जनित्राचा वेग स्थिर ठेवायचा तर भार एकसारखा हवा. स्वस्त जलविद्युतीच्या चर्चेत हा मुद्दा सर्वांत कमी ऐकू येतो आणि लहान केंद्रे आर्थिकदृष्ट्या बुडतात ती बहुधा याच जागी. नेपाळमधील अनेक सूक्ष्म केंद्रांना दिवसा पिठाची गिरणी, भातगिरणी किंवा सुतारकामाची यंत्रे जोडली जातात ती यासाठीच: दुपारच्या वापराने संध्याकाळच्या दिव्यांचा दर खाली येतो.

युनिटांऐवजी वॉट

ग्रीडच्या, म्हणजे दूरवर जोडलेल्या सामायिक वीजजाळ्याच्या, विजेत प्रत्येक जादा युनिटामागे बहुधा कुठेतरी इंधन जळते, म्हणून युनिट मोजणे रास्त असते. ओढ्यावरच्या केंद्रात जादा युनिटाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही; टंचाई असते ती एका वेळी मिळणाऱ्या शक्तीची. म्हणून अनेक ग्रामीण केंद्रांत मीटर नसतो. घराला ठराविक वॉटची मर्यादा घालतात, ती ओलांडली की कटआउट पडतो, आणि दरमहा ठरलेली रक्कम घेतात. मीटर रुळण्यापूर्वी शहरांतही दिव्यांच्या संख्येवर पैसे घेत. आजही ही पद्धत मागास नाही. स्कॉटलंडच्या एग बेटावर २००८ पासून जलविद्युत, वारा आणि सूर्य यांच्यावर चालणारी स्थानिक व्यवस्था आहे. तिथे मीटर आहेत, पण त्यांच्या जोडीने प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० किलोवॉट अशी मर्यादाही आहे. त्याआधी बेटावर घरोघरी डिझेल जनित्रे होती. स्थानिक जलविद्युतीने घरखर्चात खरी बचत होते ती अशाच ठिकाणी, जिथे तिची तुलना डिझेल आणि रॉकेलशी होते.

ग्रीड गावात पोहोचले की चित्र उलटते. ग्रीडच्या दरात बहुधा सरकारी सवलत मिसळलेली असते आणि मोठा भार घेण्याची मुभाही असते, म्हणून गावकरी तिकडे जातात आणि केंद्र बंद पडते. नेपाळमध्ये असे पुष्कळ झाले. त्यावर उपाय म्हणून २०१८ मध्ये नुवाकोट जिल्ह्यातील २३ किलोवॉटचे स्याउरेभूमी केंद्र राष्ट्रीय ग्रीडला जोडण्यात आले. तेव्हापासून गावात न खपलेली वीज तापकाऐवजी तारेत जाऊ लागली.

धरण शेजारी, दर सर्वांचा

ग्रीडला जोडलेल्या केंद्राची वीज कोणत्याही एका गावाची राहत नाही. वितरण कंपनी कोळसा, वायू, पाणी, सूर्य अशा सगळ्या स्रोतांच्या खरेदीची सरासरी काढते आणि त्यावर दर ठरतो. बिलात वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क असते. शेजारचे वीजगृह कितीही स्वस्त असले तरी हे भाग त्याने कमी होत नाहीत. विजेची मागणी एकदम वाढते तेव्हा काही मिनिटांत वापरता येणारे जलाशयाचे पाणी तर मालकाच्या दृष्टीने सर्वांत महाग विकण्याची गोष्ट आहे.

ज्यांची जमीन बुडाली त्यांना वीज मिळाली नाही, ही तक्रार जलविद्युतीइतकीच जुनी आहे. टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ पासून वीज गेली ती मुंबईच्या गिरण्यांना. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्र सुरू झाले. भारताच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात राज्याला १२ टक्के वीज मोफत, आणखी एक टक्का स्थानिक विकासासाठी आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे दरमहा १०० युनिटे अशी तरतूद आहे.

नॉर्वेत नदीकाठच्या नगरपालिकांना केंद्राच्या उत्पादनाच्या १० टक्क्यांपर्यंत वीज जवळपास उत्पादनखर्चात मिळते. त्या ती बऱ्याचदा बाजारात विकतात, त्यामुळे फायदा घराच्या बिलात न दिसता शाळा-पाळणाघरांच्या खर्चात दिसतो. त्याच देशात विजेचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्यावर तयार होतो. तरीही जर्मनी आणि ब्रिटनशी समुद्राखालून तारा जोडल्यावर, वायू महागला आणि दक्षिणेतील जलाशय उतरले तेव्हा तिथले दर उत्तरेच्या कित्येक पट झाले. डिसेंबर २०२१ पासून सरकारला युनिटमागे ७० ओरेच्या (ओरे म्हणजे नॉर्वेच्या क्रोनचा शंभरावा भाग) वरच्या दरातला काही भाग स्वतः उचलावा लागला.

याउलट कॅनडातील क्वेबेकने २००० मध्ये कायद्याने जुन्या धरणांची वर्षाला १६५ अब्ज युनिटे स्थानिक ग्राहकांसाठी २.७९ सेंट दराने राखून ठेवली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील चेलान परगण्यात कोलंबिया नदीवरची धरणे मतदारांच्या मालकीच्या संस्थेकडे आहेत. ती जादा वीज बाहेर विकते आणि त्या उत्पन्नातून घरचे दर खाली ठेवते. हे दर इतके कमी की बिटकॉइन हे आभासी चलन मिळवण्यासाठी भरपूर वीज खाणारे संगणक चालवणारे तिथे गर्दी करू लागले आणि २०१८ मध्ये संस्थेला त्यांचे नवे अर्ज थांबवावे लागले.

कोरडी वर्षे

पाण्यावर फार विसंबणाऱ्या व्यवस्थेत दर कमी राहिला तरी पुरवठा डगमगतो. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावरची आहे. २०१५-१६ आणि २०२४ च्या दुष्काळात करिबा जलाशय उतरला तेव्हा तिथे दिवसातले बरेच तास भारनियमन झाले. अशा वेळी ज्यांना परवडते ते जनित्र किंवा सौर पॅनेल घेतात आणि विजेवरचा त्यांचा खरा खर्च वीजबिलाच्या बाहेर होतो. लहान ओढ्यांवर हेच दरवर्षी छोट्या प्रमाणात घडते: उन्हाळ्यात विसर्ग एक-चतुर्थांश झाला तर १२ किलोवॉटचे केंद्र जेमतेम तीन किलोवॉट देते, आणि नदीत जीवसृष्टीसाठी किमान पाणी सोडायचे असेल तर त्याहूनही कमी. म्हणून केंद्राची क्षमता पावसाळ्यातल्या पाण्यावर न ठरवता कोरड्या महिन्यांतल्या विसर्गावर बेतणे आणि उन्हाळ्यात सौर विजेची जोड देणे, ही पद्धत आता अधिक वापरली जाते.