सारखं उकडतंय: पाळी जायची लक्षणं की थायरॉइड?

पंचेचाळिशीच्या आसपासची बाई "मला फार उकडतं" म्हणाली की घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "पाळी जायची वेळ आली." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवू लागली, तरी तक्रारी जवळपास त्याच असतात: घाम, धडधड, चिडचिड, उडालेली झोप. त्यामुळे नुसत्या वयावरून निदान करून मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

आधी उकाडा कसा येतो ते बघा. रजोनिवृत्तीच्या काळातली गरम वाफ अचानक येते. छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे चढते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि साधारण 1 ते 5 मिनिटांत ती ओसरते. मागोमाग कधी थंडीही वाजते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटू लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. शरीर किंचित तापलं तरी ते लगेच उष्णता बाहेर टाकायला लागतं. दोन वाफांच्या मधे मात्र उकाड्याचा त्रास नसतो.

थायरॉइडचा उकाडा सहसा असा येत-जात नाही, दिवसभर टिकून राहतो. चयापचयाचा वेग वाढल्याने शरीरात उष्णताच जास्त तयार होते. इतरांना पांघरूण लागतं तेव्हा हिला पंखा हवा असतो. तळहात गरम, ओलसर. भूक चांगली असूनही वजन उतरतं, शौचाला जास्त वेळा जावं लागतं, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. शांत बसलेलं असतानाही नाडी जलद चालते. दोन्ही हात समोर ताठ धरून बोटांवर एक कागद ठेवला, तर त्याची कड बारीक थरथरताना दिसते. गळ्याशी सूज किंवा डोळे पुढे आल्यासारखे दिसले तर संशय आणखी बळावतो.

पाळीवरून फसगत होते, कारण ती दोन्हींत बिघडते. शिवाय एकाच बाईला दोन्ही असू शकतं.

उलगडा होतो तो रक्ताच्या साध्या तपासणीने. थायरॉइड जास्त काम करत असेल तर बहुतेक वेळा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खूप कमी आणि टी3, टी4 (थायरॉइड स्वतः बनवते ती हार्मोन्स) वाढलेलं येतं. रजोनिवृत्तीसाठी मात्र पंचेचाळिशीनंतर सहसा रक्त तपासावं लागत नाही, वाफा आणि पाळीतला बदल पुरतो. थायरॉइड तपासायचं टाळू नका. उपचाराविना राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. काही तपासण्यांमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी आणि टी4 खोटंच जास्त दिसतं. त्यामुळे तपासणीआधी किमान 2 दिवस, डोस मोठा असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस, त्या बंद ठेवाव्या लागतात.