खगोलशास्त्रातलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळण्याची शिस्त कशी घडली

अ‍ॅस्ट्रोपाय या खगोलशास्त्रासाठीच्या, पायथन भाषेतल्या सॉफ्टवेअर संचात कुणी दोन ओळींचा बदल सुचवला, तरी त्यासोबत चाचणी लागते, दस्तऐवजात दुरुस्ती लागते आणि बदलाची नोंद ठेवणारी छोटी फाइल लागते. संचाच्या मुख्य कोडमध्ये जाण्याआधी लेखकाखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो कोड वाचून मान्य करावा लागतो. नवख्याला हे जाचक वाटतं. पण या शिस्तीमागे चार दशकांचा अनुभव आहे, आणि त्यात संस्थांचा निधी आटला तरी कोडची गरज संपली नाही असे प्रसंग पुन्हा पुन्हा आले आहेत.

पहिला करार कोडबद्दल नव्हता, फाइलबद्दल होता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस वेधशाळांमधल्या संगणकांची शब्दलांबी (यंत्र एका वेळी हाताळतं त्या बिटांची संख्या) वेगवेगळी होती, त्यामुळे एका ठिकाणची टेप दुसरीकडे वाचता येईलच असं नसे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिट्स या खगोलीय फाइल-स्वरूपाने २,८८० बाइटचा ठोकळा ठरवला. त्याचे २३,०४० बिट होतात, आणि या संख्येला १६, ३२, ३६, ४८, ६० आणि ६४ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. म्हणजे तेव्हाच्या जवळपास कोणत्याही यंत्रावर ठोकळा अर्धवट शब्दाशिवाय बसे. शीर्षकाची (फाइलच्या आरंभी आतल्या माहितीचं वर्णन करणाऱ्या भागाची) प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, एका ठोकळ्यात अशा ३६ ओळी. त्याहून मोलाचा ठरला तो एक नियम: एकदा वैध ठरलेली फिट्स फाइल कायम वैध राहील. शीर्षकातल्या नोंदींना जेमतेम आठ अक्षरांची नावं देता येतात, याची अडचण आजही होते, पण चाळीस वर्षांपूर्वीची निरीक्षणं उघडतात. मागच्या वापरकर्त्याचं काम मोडायचं नाही, हा दंडक या क्षेत्राला इथूनच लागला.

त्याच सुमारास अमेरिकेत टुसॉनच्या वेधशाळेत आयरॅफ या खगोलीय प्रतिमांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम सुरू झालं. वेगवेगळ्या यंत्रांवर चालावं म्हणून त्याच्यासाठी एसपीपी नावाची स्वतंत्र भाषा घडवली गेली. हबल दुर्बिणीच्या विज्ञान संस्थेनेही आपली साधनं त्यावरच उभारली. कोड वाचायला मिळत होता, पण त्याची दिशा वेधशाळेतला लहान गट ठरवत असे, आणि एसपीपी जाणणारी माणसं मोजकीच होती. संगणकाच्या स्मृतीतले पत्ते पूर्णांकांत साठवण्याची सवय त्या भाषेत मुरलेली होती. ६४ बिट यंत्रं आली तेव्हा पत्ता पूर्णांकात मावतो हे गृहीतक कोडमध्ये जागोजागी शोधून सुधारावं लागलं. २०१३च्या सुमारास वेधशाळेने विकास थांबवला आणि पुढे स्वयंसेवकांनी तो कोड हाती घेतला. तेव्हा आणखी एक पेच समोर आला. एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातला, मुक्त वितरणाची परवानगी नसलेला कोड आत मिसळलेला होता. तो वेचून काढून तिथे नवी अंमलबजावणी लिहावी लागली. परवाना पहिल्या दिवशी तपासायचा असतो, तो यासाठी.

ब्रिटनमधला खगोलीय सॉफ्टवेअरचा स्टारलिंक प्रकल्प १९८० ते २००५ चालला. तो बंद झाल्यावरही कोड जगला, कारण तो मुक्त परवान्याखाली होता आणि हवाईतल्या एका दुर्बिणीला त्याची रोज गरज होती. याच काळात बरेच खगोलशास्त्रज्ञ आयडीएल ही प्रोग्रामिंग भाषा वापरत. त्यावरचा खगोलीय संग्रह मोफत होता, पण तो चालवायला लागणारी भाषा विकत घ्यावी लागे. निष्कर्ष पडताळून पाहण्यासाठी आधी परवाना खरेदी करा, ही अट विज्ञानाला न शोभणारीच होती.

पायथनकडचं वळणही सरळ नव्हतं. हबलच्या मोठ्या प्रतिमांसाठी त्या दुर्बिणीच्या विज्ञान संस्थेने संख्यांच्या सारण्या (अ‍ॅरे) हाताळणारं न्यूमअ‍ॅरे लिहिलं. मोठ्या सारण्यांत ते चांगलं चाले, छोट्या सारण्यांत त्याच कामाचं आधीचं न्यूमेरिक हे पॅकेज वेगवान होतं. काही पॅकेजं एकावर, काही दुसऱ्यावर, अशी समाजाची दोन शकलं झाली. २००६ मध्ये नमपाय या नव्या पॅकेजच्या १.० आवृत्तीने ती जोडली.

तरीही २०११ पर्यंत फिट्स वाचणं, आकाशीय निर्देशक (आकाशातलं स्थान सांगणारे आकडे), तक्ते, विश्वरचनेची गणितं यासाठी अनेक सुटी पॅकेजं होती आणि तेच काम चार ठिकाणी होत होतं. त्या वर्षी ई-मेलवर यावरून मोठी चर्चा झाली आणि अ‍ॅस्ट्रोपाय सुरू झालं. पायफिट्स, पायडब्ल्यूसीएस, अ‍ॅस्कीटेबल यांसारखी पॅकेजं त्यात आणली गेली. सगळं काही गाभ्यात कोंबायचं नाही, हे मात्र आधीच ठरलं. विशिष्ट कामांची पॅकेजं संलग्न म्हणून बाहेर राहतात, पण दस्तऐवज, चाचण्या आणि परस्परमेळ यांच्या कसोटीवर तपासली जातात. आमच्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता. मोठ्या बदलांसाठी एपीई नावाचे लेखी प्रस्ताव असतात. पायथन २ सोडण्याचा आराखडाही असाच लिहिला गेला. २०१७ची २.० आवृत्ती पायथन २ चालवणारी शेवटची. तिला दीर्घ मुदतीचा आधार दिल्यामुळे वेधशाळांना स्थलांतराला वेळ मिळाला.

परवान्याचा प्रश्न इथेही आलाच. खगोलीय गणितासाठी आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं सोफा हा तयार कोडचा संग्रह प्रमाण मानला जातो, पण त्याच्या अटींनुसार बदललेल्या रूटीनला (ठरावीक गणित करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) मूळ नावं ठेवता येत नाहीत. म्हणून परवानगी घेऊन एर्फा हे बीएसडी या मुक्त परवान्याखालचं रूप काढलं, आणि त्यात प्रत्येक रूटीनच्या नावाचा आरंभ बदलला.

बाहेरच्या अवलंबनाची किंमत कळली ती पृथ्वीच्या परिवलनाच्या तक्त्यांमुळे. पृथ्वी स्वतःभोवती एकसमान वेगाने फिरत नाही, म्हणून क्षितिजसापेक्ष निर्देशकांसाठी ताजी आकडेवारी लागते. अ‍ॅस्ट्रोपाय ती आपोआप उतरवून घेई आणि पुढचे अंदाज ३० दिवसांपेक्षा जुने झाले की नवी फाइल मागत असे. २०१९ मध्ये अमेरिकी नौदल वेधशाळेचे सर्व्हर आधुनिकीकरणासाठी बंद झाले आणि जगभर लोकांचे प्रोग्राम अडले. जे गणित काल चालत होतं ते आज नेटवर्कच्या त्रुटीवर थांबत होतं. आधी पर्यायी पत्ते जोडले गेले. पुढे ही आकडेवारी वेगळ्या पॅकेजमधून, नियमित नव्या आवृत्त्यांसह द्यायला सुरुवात झाली, म्हणजे इंटरनेट नसलेल्या गणनयंत्रांवरही ती आधीच हजर असते.

म्हणूनच नमपायच्या अजून प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीवरही चाचण्या ठरावीक वेळाने चालवतात. नमपाय २ ने सारणीत नसलेली सुटी संख्या छापण्याची पद्धत बदलली तेव्हा गणितं बरोबर असूनही दस्तऐवजातली उदाहरणं चाचणीत नापास होत होती, कारण तिथे छापील उत्तर अक्षरशः जुळावं लागतं.

माणसांची बाजू सगळ्यात उशिरा सुधारली. बरीच वर्षं हे काम संशोधक विद्यार्थी आणि पोस्टडॉक यांनी फावल्या वेळात केलं, आणि नोकरीच्या अर्जात त्याचं वजन शोधनिबंधाइतकं नसे. म्हणून प्रकल्पाने २०१३, २०१८ आणि २०२२ मध्ये सामूहिक नावाने निबंध प्रसिद्ध केले, जेणेकरून वापरणाऱ्यांना उद्धृत करायला काहीतरी ठोस मिळावं. पुढे मूर फाउंडेशनसारख्या संस्थांचा निधीही आला. लेखी कारभारपद्धती मात्र २०२१ मध्ये स्वीकारली गेली. आता रिलीज, चाचणी यंत्रणा, दस्तऐवज, प्रत्येक उपपॅकेज यांच्या जबाबदाऱ्या नावानिशी जाहीर असतात. शक्य तिथे प्रमुखासोबत उपप्रमुखही असतो, आणि जी जागा रिकामी आहे ती रिकामी म्हणूनच यादीत दिसते.