सीमांत वृत्तपत्रांचे डिजिटल संग्रह

सीमांत वृत्तपत्रांचे डिजिटल संग्रह : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील गोऱ्या वसाहती पश्चिमेकडे पसरत असताना सरहद्दीवरील वस्त्यांतून आणि खाणींच्या गावांतून निघालेल्या वृत्तपत्रांचे, पानांच्या प्रतिमा व शोधता येणारा मजकूर अशा दुहेरी स्वरूपातील संग्रह. यांतील बरीच पाने ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेस (अमेरिकेचे राष्ट्रीय ग्रंथालय) आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज (मानव्यविद्यांना अनुदान देणारी शासकीय संस्था) यांच्या संयुक्त कार्यक्रमातून तो २००७ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो इत्यादी राज्यांचे स्वतंत्र संग्रहही आहेत.

यांतील बहुतेक पाने मूळ कागदावरून घेतलेली नाहीत. १९८२ पासून चाललेल्या राष्ट्रीय मोहिमेत, तसेच त्याआधीही, जुन्या अंकांची मायक्रोफिल्म (पानांची अतिशय लहान छायाचित्रे असलेली फीत) करण्यात आली होती व पुढे तिच्यावरूनच प्रतिमा तयार झाल्या. त्यामुळे फिल्मवरील ओरखडे, बांधणीच्या घडीतील काळोख आणि गहाळ अंक हे सारे दोष डिजिटल प्रतीतही उतरले. प्रतिमेवरून संगणक अक्षरे ओळखतो व प्रत्येक शब्दाचे पानावरील स्थान नोंदवतो. शोध या ओळखलेल्या मजकुरात होतो, छापील पानात नव्हे. हा भेद अभ्यासकाने सतत ध्यानी ठेवणे अत्यावश्यक आहे.

माँटेरे येथे १५ ऑगस्ट १८४६ रोजी निघालेले ‘द कॅलिफोर्नियन’ हे कॅलिफोर्नियातील पहिले वृत्तपत्र स्पॅनिश खिळ्यांवर (छपाईच्या धातूच्या अक्षरांवर) जुळवले जात असे. त्या संचात ‘डब्ल्यू’ नसल्याने जुळाऱ्याला दोन ‘व्ही’ शेजारी बसवावे लागत, आणि असे शब्द आजच्या शोधातून सहज निसटतात. न्यू एकोटा येथून २१ फेब्रुवारी १८२८ पासून निघालेल्या ‘चेरोकी फीनिक्स’मध्ये इंग्रजीबरोबरच चेरोकी या मूळ अमेरिकी समाजातील सिक्वोयाने घडवलेल्या लिपीत चेरोकी भाषेतील मजकूर छापला जाई. इंग्रजीसाठी बेतलेल्या प्रणालीला ही लिपी वाचता येत नाही. परिणामी ज्या समाजाने ते पत्र चालवले, त्याच्याच भाषेतील मजकुराला प्रतिमा असूनही शोधाचा लाभ मिळत नाही, आणि हे या तंत्राचे सर्वांत खेदजनक वैगुण्य होय.

शब्दांचा अडसर केवळ लिपीचा नसतो. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी सँड क्रीक येथे कोलोरॅडोच्या सैनिकांनी शायान व अरापाहो या मूळ अमेरिकी जमातींच्या लोकांची कत्तल केली. मृतांत स्त्रिया, मुले आणि वृद्धच बहुसंख्य होते. डेन्व्हरच्या ‘रॉकी माउंटन न्यूज’ने मात्र डिसेंबरमध्ये तिचे ‘लढाई’ म्हणून गौरवपूर्ण वर्णन केले. आज ‘कत्तल’ हा शब्द देऊन शोधणाऱ्याच्या हाती तो मजकूर लागेलच असे नाही. त्यामुळे आधी त्या काळची, आणि त्यातही त्या संपादकाची, शब्दयोजना जाणून घ्यावी लागते, व अनेकदा संबंधित महिन्याचे अंक पानोपान वाचण्यावाचून गत्यंतर नसते.

कॅलिफोर्नियाच्या संग्रहात वाचकांना चुकीचा ओळखलेला मजकूर स्वतः दुरुस्त करता येतो. नेव्हाडातील ‘टेरिटोरियल एंटरप्राइज’सारख्या पत्रांपुढे मात्र हाही उपाय चालत नाही : लेखक सॅम्युएल क्लेमेन्स यांनी ‘मार्क ट्वेन’ हे टोपणनाव १८६३ मध्ये याच पत्रात लिहिताना घेतले, परंतु त्या वर्षांतील त्याचे बहुतेक अंक नष्ट झाले असून त्यातील काही लेखन इतर पत्रांनी उद्धृत केल्यामुळेच उरले आहे.