डिझेल ट्रकचं अधूनमधून होणारं मिसिंग

मिसिंग : चालू इंजिनच्या एखाद्या सिलिंडरात डिझेल नीट पेटलं नाही की इंजिन अडखळतं, त्याला गॅरेजात 'गाडी मिस मारते' म्हणतात, अहिराणीत 'गाडी मिस मारी राहिनी'. एक सिलिंडर कायमचाच मेलेला असेल तर तो शोधणं फार अवघड नाही. इथे विषय त्या मिसचा आहे जो कोंडाईबारी घाटात केळीच्या लोडवर येतो आणि धुळ्यात मेकॅनिकपुढे गाडी उभी केली की गायब होतो.

शब्दाबद्दल एकमत नाही. 'मिस' हा 'मिसफायर'चाच तुकडा असं सहसा धरतात, पण मिसफायर मूळचा बंदुकीचा, मग पेट्रोल इंजिनाचा, तिथे प्लगची ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगीच नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटतं, म्हणून काहींना हा शब्द डिझेलला लावणंच चूक वाटतं. दुसरं मत असं की 'मिस' म्हणजे चुकलेला ठोका, एवढंच. हेच जास्त पटतं, कारण मेकॅनिक आधी कानानेच ओळखतो: सहा सिलिंडरचं इंजिन ६०० आरपीएमला सेकंदाला ३० ठोके देतं, त्यातला एकच सिलिंडर मेला तर सेकंदाला ५ ठोके चुकतात आणि ते ठरलेल्या तालात. ताल न पाळता चुकले तर अधूनमधूनचं मिसिंग. इंजिन आपोआप वर-खाली होत राहतं ते हंटिंग, ते बरेचदा गव्हर्नरचं (डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळणाऱ्या भागाचं) दुखणं, दोन्हींत गल्लत नको.

बॉशचा इनलाइन पंप (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबानं डिझेल देणारा) कारखान्यातून मोठ्या संख्येनं निघू लागला १९२७ मध्ये. आपल्याकडे तोच 'मायको पंप', कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी गॅरेजात अजून मायकोच.

कारणं बघताना पार्ट बदलायच्या आधी 'कधी होतं' हे ड्रायव्हरला विचारावं, निम्मं काम तिथेच होतं. टाकी अर्ध्याखाली गेली की मिस मारते आणि फुल केली की गुळगुळीत चालते, असं असेल तर टाकीतल्या सक्शन पाइपला (डिझेल ओढून घेणाऱ्या नळीला) वरच्या बाजूला बहुधा चीर असते: डिझेल चिरेच्या वर असेतोवर काही नाही, खाली गेलं की पंप डिझेलसोबत हवा ओढतो. सक्शनच्या बाजूला दाब नसतो म्हणून बाहेर थेंबभरही गळत नाही, आणि सगळे नोझल खोलत बसतात! साधी युक्ती म्हणजे फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) अलीकडे हातभर पारदर्शक नळी लावायची आणि बुडबुडे बघायचे. किंवा पाच लिटरचा कॅन वर टांगून डिझेल थेट पंपाला द्यायचं, मिस गेला तर दोष टाकी आणि लाइनमध्ये, राहिला तर पंप, नोझल किंवा इंजिनात.

मिस चालू असतानाच सिलिंडर ओळखायचा तर जुन्या गाडीत एकेका नोझल पाइपचा नट पान्यानं थोडा ढिला करतात, आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करतोय, बदलला नाही तर तोच मेलेला. दुसरी रीत, थंड इंजिन स्टार्ट करून मिनिटभरात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) प्रत्येक फाट्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, जिथे चर्रर्र होत नाही तिथे पेट घेत नाहीये. धूरही बघावा: डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय पण पेटत नाही, धूरच नसेल तर बहुधा डिझेलच पोचत नाही.

कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तिच्यात) नट ढिला करायची ही रीत बिलकुल चालत नाही, तिथे हजार बारच्याही वर दाब असतो, बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट गमवायची वेळ येते. तिथे स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करून बघतात. भारत स्टेज या प्रदूषण-नियमांतल्या बीएस-४ (१ एप्रिल २०१७ पासून देशभर) आणि बीएस-६ (१ एप्रिल २०२०) गाड्यांत अधूनमधूनचा दोष पुष्कळदा वायरिंगचा निघतो: ब्रॅकेटवर घासलेली हार्नेस (वायरींचा जुडगा), ढिला अर्थ (बॉडीला जोडलेली वायर), क्रँक सेन्सरचा (इंजिनाचा फिरता दांडा ओळखणाऱ्या सेन्सरचा) सैल कनेक्टर. इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून, एकेक जोड हलवून बघावा. स्कॅनरवर दोषाचा कोड आला नाही म्हणजे दोष नाही असं समजू नये.

व्हॉल्व्ह अडकणं, टॅपेट, हेड गॅस्केट ही कारणं त्यामानाने कमी, कॉम्प्रेशन (सिलिंडरातला हवेचा दाब) तपासलं की कळतात.

खान्देशात ऋतूचाही हात असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, डिझेल पातळ होतं आणि पंपातल्या झिजलेल्या प्लंजरमधून (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्यामधून) जास्त निसटतं, म्हणून दुपारी मिस मारणारी गाडी पहाटे ठीक चालते. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी असू शकतं, म्हणून आधी वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा नट खोलून काचेच्या ग्लासात डिझेल काढावं, दहा मिनिटं ठेवलं की पाणी तळाला बसतं.