दिव्यांग मुलाची पोटगी वाढवून घ्यायची असेल तर अर्ज कुठे, कुणासाठी करता येतो, काय कागद लागतात

पोटगीचा आदेश झाला तेव्हा मूल लहान होतं, नंतर ऑटिझमचं निदान झालं किंवा थेरपीचा खर्च वाढत गेला, तर जुन्याच रकमेवर भागवत बसायची गरज नाही, परिस्थिती बदलली म्हणून वाढ मागता येते. आधी हे सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १२७ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ झालंय (मूळ पोटगी आधी कलम १२५ खाली होती, आता १४४ खाली, पण कोर्टात अजून सगळे १२५ च म्हणतात). फक्त तुमचा आदेश कुठल्या कायद्याखाली झालाय ते आधी बघा, घटस्फोटाच्या केसमधला असेल तर हिंदू विवाह कायदा कलम २६, डीव्हीचा (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा) असेल तर त्या कायद्याचं कलम २५. अर्ज सहसा ज्या कोर्टाने आदेश दिला तिथेच करायचा.

"१८ पूर्ण झाले, आता पोटगी बंद" हे सर्रास ऐकवतात, पण शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर सज्ञान मुलालाही कलम १४४ खाली पोटगी मिळते, मुलगा असो की मुलगी (लग्न झालेली मुलगी यात येत नाही). आणि त्या कलमात अपंगत्वाच्या टक्केवारीची अट नाहीये, ४० टक्के लागतात ते सरकारी सवलतींसाठी. आईने कन्सेंट टर्म्समध्ये (कोर्टात दिलेल्या तडजोडीच्या अटींमध्ये) "मुलासाठी काही नको" लिहून दिलं असेल तरी घाबरू नका, मुलाचा हक्क आईला सोडता येत नाही असंच कोर्ट सहसा धरतं.

कागदपत्रं म्हणजे जुन्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी, मुलाचा जन्मदाखला, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, डॉक्टरांचे ताजे रिपोर्ट, थेरपीची बिलं, शाळेचं पत्र. पण माझ्या मते केस उभी राहते ती खर्चाच्या तक्त्यावर, कारण दाखल्यावर टक्के असतात, खर्च नसतो. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), औषधं, डायपर, शॅडो टीचर (शाळेत मुलासोबत राहून मदत करणारी व्यक्ती), रिक्षा सगळं महिन्याप्रमाणे लिहा, व्हीलचेअर किंवा श्रवणयंत्रासारखा अधूनमधून येणारा खर्च महिन्यावर वाटून दाखवा, आणि प्रत्येक आकड्यामागे बिल किंवा यूपीआयची नोंद हवी. मुलाला सांभाळायला आईने नोकरी सोडली असेल तर तेही स्पष्ट लिहा, हा मुद्दा बरेच जण विसरतात.

सोबत उत्पन्न-मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट दोघांनाही द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा हा २०२० चा निकाल आहे, त्यात सतत देखभाल लागणाऱ्या मुलाचं गंभीर अपंगत्व रक्कम ठरवताना बघायचं असं थेट म्हटलंय, तेव्हा अर्जात हा निकाल टाकाच. समोरचा पगार लपवत असेल तर सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट हजर करायला लावा असा वेगळा अर्ज देता येतो. तुम्हाला मिळणारी सरकारी मदत मात्र लपवू नका, उलटतपासणीत ती निघतेच.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिला, मुलं आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वाढ सहसा अर्जाच्या तारखेपासून धरतात, मागचा खर्च त्यात येत नाही, म्हणून एखाद्या बिलासाठी अर्ज अडवून ठेवू नका, ते नंतर जोडता येतं. आणि आदेश होऊनही पैसे थकले तर १४४ खालच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत टाकायचा असतो.