नौदलातील अभियंता अधिकाऱ्याची वाटचाल आणि वास्कोची गोदी

भारतीय नौदलात युद्धनौकेचे नेतृत्व जहाज हाकणाऱ्या आणि लढवणाऱ्या कार्यकारी शाखेकडे असते. अभियांत्रिकी शाखेचा अधिकारी कितीही कर्तबगार असला तरी तो लढाऊ जहाजाचा कप्तान होत नाही, आणि आजवर या शाखेतून कोणी नौदलप्रमुखही झालेला नाही. त्याची बढती फार तर व्हाइस ॲडमिरल हुद्द्याच्या ‘चीफ ऑफ मटेरियल’ (नौदलाच्या यंत्रसामग्रीचा प्रमुख) या पदापर्यंत जाते. उमेदीची वर्षे इंजिन रूममध्ये काढल्यावर पुढचा बहुतेक काळ तो गोदी, संचालनालये आणि प्रशिक्षण संस्था यांत घालवतो. त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचा इतिहास बराचसा किनाऱ्यावरच शोधावा लागतो.

गंमत अशी की, 1928 मध्ये रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे आजच्या नौदलाच्या ब्रिटिशकालीन पूर्वावतारात, पहिला भारतीय अधिकारी म्हणून नेमले गेलेले डी. एन. मुखर्जी अभियंताच होते. फेब्रुवारी 1945 मध्ये लोणावळ्याला आजची ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था सुरू झाली आणि या शाखेला हक्काचे घर मिळाले.

त्या पिढ्या वाफेवर घडल्या. बॉयलरच्या काचनळीतील पाण्याची पातळी उतरली तर नळ्या जळतात. हवा कमी पडली की धुराड्यातून काळा धूर निघतो आणि जास्त झाली की पांढरा. हे सगळे पाहत, उष्म्यात पहारा देत अधिकारी तयार होई. थंड बॉयलरमध्ये वाफ चढवायला तास लागत, तर गॅस टर्बाइन काही मिनिटांत सुरू होते. 1980 नंतर रजपूत वर्गाच्या विनाशिकांबरोबर गॅस टर्बाइनचे युग आले, तरी 1983 ची ‘गोदावरी’ वाफेवरच चालत होती. त्यामुळे एकाच अधिकाऱ्याला दोन्ही विद्या ठाऊक असणे, ही त्या काळातील ज्येष्ठांची खरी कमाई म्हटली पाहिजे.

या वाटचालीशी गोव्याचा संबंध दोन बाजूंनी येतो. पोर्तुगीज राजवटीत, 1957 मध्ये, खनिज वाहून नेणाऱ्या बार्जेससाठी वास्कोला गोदी उभी राहिली. मुक्तीनंतर ती काही वर्षे माझगाव डॉककडे भाडेपट्ट्याने होती आणि 1967 मध्ये गोवा शिपयार्ड या नावाने स्वतंत्रपणे चालू लागली. बार्ज बांधणाऱ्या हातांनीच पुढे गस्ती नौका बांधल्या, ‘तरंगिणी’सारखे शिडाचे प्रशिक्षण जहाजही याच गोदीतून 1997 मध्ये नौदलात दाखल झाले. या कंपनीच्या अध्यक्षपदी नौदलातून निवृत्त झालेले रिअर ॲडमिरल अनेकदा आले आहेत. ज्याने जहाज चालवताना त्याची दुखणी पाहिली आहेत, त्याने पुढचे जहाज बांधावे, हे तर्काला धरूनच आहे. मात्र ग्राहक (नौदल) आणि विक्रेता (गोदी) यांच्यामधले अंतर त्यामुळे कमी होते, याकडेही दुर्लक्ष करता येणार नाही.

दुसरा धागा मांडवीकाठच्या वेरे येथील ‘आयएनएस मांडवी’चा. नौदल अकादमी 1986 मध्ये कोचीहून येथे आली आणि 2009 मध्ये केरळातील एळिमला येथे नवी अकादमी सुरू होईपर्यंत अधिकाऱ्यांच्या कित्येक तुकड्या येथूनच बाहेर पडल्या.

वास्कोच्या गोदीत जुलै 2024 मध्ये ‘त्रिपुट’ आणि मार्च 2025 मध्ये ‘तवस्या’ ही फ्रिगेट पाण्यात उतरली. या वर्गाची रचना रशियन आहे आणि टर्बाइन युक्रेनी. त्या दोन देशांतच युद्ध सुरू असल्याने सुटे भाग आणि दुरुस्तीची तजवीज हे काम आता जहाज चालवण्याइतकेच अभियंता अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले आहे.