पथ्याचा डबा चविष्ट कसा ठेवावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

पथ्यावर असलेले आमचे अनेक ग्राहक सांगतात, की कमी कॅलरीचे जेवण चार दिवसांत नकोसे होते आणि पाय आपोआप सराफ्याकडे, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराकडे, वळतात. आमच्या मते याचे मूळ बहुधा पाककृतीच्या निवडीत असते, म्हणून घरी स्वयंपाक करतानाही उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

पाककृती वाचताना प्रथम तेलाचे माप पाहावे. पिष्ट किंवा प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर तेल-तुपाच्या एका ग्रॅममागे 9. त्यामुळे चहाचा एक चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर तेल, भाजीत सुमारे 40 कॅलरींची भर घालते. ‘तेल अंदाजाने’ असे लिहिलेली किंवा किती माणसांसाठी आहे हे न सांगणारी कृती पथ्यासाठी निरुपयोगी समजावी. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पदार्थ हलका झाला, असेही मानू नये. दोन्हींच्या कॅलरींत फारसा फरक नसतो.

हिंग, मोहरी, जिरे आणि कढीपत्ता यांचा वास तेलात उतरतो, म्हणून चार माणसांच्या वरणाला किंवा मुगाच्या उसळीला एकच चमचा तेलाची कडकडीत फोडणी शेवटी वरून देऊन लगेच झाकण ठेवावे. तेच तेल आरंभी घालून पदार्थ बराच वेळ उकळला, तर तो वास बराचसा वाफेबरोबर निघून जातो आणि मग आणखी तेल घालण्याचा मोह होतो.

आपल्या इंदूरचे पोहे या दृष्टीने फार सोयीचे आहेत, कारण ते उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर ठेवलेले असल्याने थोड्या तेलातही मऊ राहतात. खरी भर पडते ती वरच्या शेवेने. 25 ग्रॅम शेवेतच सव्वाशेहून अधिक कॅलरी असतात. शेव चिमूटभर ठेवून डाळिंबाचे दाणे, बारीक चिरलेला कांदा, लिंबू आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) सढळ हाताने घ्यावे. रक्तदाब असल्यास मात्र जिरावणातील मीठ लक्षात घ्यावे.

पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस अवश्य करावा. कोवळी कणसे किसून, एक चमचा तुपाच्या फोडणीत परतून, साय असलेल्या दुधाऐवजी 1.5 टक्के स्निग्धांशाचे डबल टोन्ड दूध थोडे थोडे घालत मंद आचेवर ढवळत राहावे. मक्यातील पिष्टामुळे दूध आपोआप दाट होते आणि तूप कमी पडल्याचे जाणवत नाही. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, उकडून भाजलेलेच असतात, तेव्हा ते तुपात बुडवण्याऐवजी वरून अर्धा चमचा तूप लावणे पुरेसे होते.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांनी अथवा आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ता डबा सुरू करण्यापूर्वी आम्हाला दाखवावा, म्हणजे तेल, मीठ आणि पोळ्यांची संख्या त्यानुसार ठेवता येईल. ज्या भाजीची कृती हवी असेल, ती मापांसह लिहून आम्ही दुसऱ्या दिवशीच्या डब्यासोबत पाठवतो.